जाईबाईची तिसरी लाथ

जाईबाई आईच्या पोटातून पायांकडून आली. डोक्याकडून आलेल्या पोरांना कोणी विचारत नाही. पायांकडून आलेलं पोर मात्र पायाळू. पायाळूचा डावा पाय पाठीला लागला की उसण पळते, भरलेली कंबर मोकळी होते, असं साऱ्या वऱ्हाडाचं ठाम मत. त्यामुळे चांदूर रेल्वेकडच्या तिच्या खेड्यात जाईला चालता आलं न आलं तोच मोठमोठी माणसं तिच्यापुढे पालथी पडू लागली. वाकून नमस्कार करायला शिकण्याआधी ती लाथ मारायला शिकली.

लग्न होऊन बडनेऱ्याला आली ती थेट हमालांच्या वस्तीत. नवरा देवमन मालधक्क्यावर कापसाच्या गाठी वॅगनीत चढवायचा. एकेक गाठ पावणेपाच मणांची. त्या वस्तीत सरळ पाठीचा माणूस औषधाला सापडत नव्हता. हमालांचा मुकादम मोतीराम म्हणायचा, देवमननं बायको नाई केली, दवाखाना केला.

दवाखाना मंगळवारी आणि शनिवारी उघडायचा, सकाळी, उपाशीपोटी. माणसं भिंतीला हात टेकून ओणवी उभी राहायची आणि जाईबाई दुखऱ्या जागी तीनदा पाय लावायची. लाथ हे नुसतं नाव. जोर त्यात काही नसे. पण कण्हणं ऐकावं ते त्या रांगेचं. हमाल कण्हायचे मोकळ्या गळ्यानं, तिसऱ्या घरी ऐकू जावं असं. स्टेशनातला सांधेवाला इंजिनाच्या शिट्टीसारखा एकदाच ओरडायचा आणि झालं म्हणायचा. सरकी काढायच्या जिनातला मुनीम पाय लागायच्या आधीच विव्हळून घ्यायचा आणि पाय लागल्यावर विचारायचा, लागला का?

आणि खुशालराव पाटील. हे जवळच्याच गावचे, काळ्या जमिनीचे मोठे मालक. ते रांगेत उभे राहत नसत. उजाडायच्या आत घोंगडी पांघरून यायचे, घराच्या मागच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि हुकूम सोडल्यासारखे कण्हायचे: हं, मार. हं, थांब. हं, आता मार. जाईबाईच्या घरचं पाणी त्यांना चालत नव्हतं. तिची सावली त्यांच्या अंगणात पडलेली चालत नव्हती. लाथ चालत होती. जाताना सूपभर ज्वारी भिंतीवर ठेवायचे आणि घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ करायचे.

छप्पन सालच्या दसऱ्याला सारी वस्ती नागपूरला जाऊन आली. पांढरे कपडे, नवा धर्म. परत आल्यावर कोनाड्यातले देव गाठोड्यात बांधून नदीला दिले आणि मग बैठकीत कोणीतरी शंका काढली, की जाईच्या लाथेचं काय करायचं, तीही सोडायची का? शिकलेला एक पोरगा म्हणाला, सोडायची. मोतीरामनं त्याला खाली बसवलं. लाथ म्हणजे काही देव नाही, तो म्हणाला. लाथ आपल्याच बाईची हाय, आन ते पाटलाच्या पाठीत बसते, हे का कमी झालं? सारी बैठक हसली. जाईबाईही पदराआड हसली. खरं सांगायचं तर पाटलांच्या पाठीला ती पाय जरा दाबूनच लावायची, आणि दीक्षा घेऊन आल्यापासून आणखी जरा.

अठ्ठावन्न सालच्या हंगामात, भर दुपारी, वॅगनीत रचलेली वरच्या थरातली गाठ सुटली आणि वाकलेल्या देवमनच्या पाठीवर आली.

चार हमालांनी त्याला बारदानात घातला, चार कोपरे धरले आणि झोळीसारखा उचलला. मध्ये देवमन दुमडलेला, गुडघे छातीला लागलेले. दवाखाना अमरावतीला, म्हणजे पाच-सहा मैल. मोतीरामला त्याचं हसूच आलं. औषध घरात चालते-फिरते आन दवाखान्यात काहून नेता?

जाईबाईनं भांडी बाजूला केली. देवमनला सारवलेल्या जमिनीवर पालथा घातला. तो शुद्धीत होता-नव्हता, पण तोंड तेच होतं. डोळे मिटूनच म्हणाला की आज तरी हळू मार. हमाल हसले. जाईबाई त्याच्या पायांपाशी उभी होती. तिला दिसलं, की त्याच्या डाव्या पायाचा अंगठा हलतो आहे. सारवणावर नखानं त्यानं एक रेघ ओढली, थांबला, आणि दुसरी ओढली. बाकी कोणी तिकडे पाहत नव्हतं. सगळे पाठीकडे पाहत होते.

तिनं एकदा पाय लावला. दुसऱ्यांदा लावला. नेहमीसारखा, कबुतर बसावं तसा.

"अशी का लाथ असते?" मोतीराम म्हणाला. "बायकोची होय का पायाळूची? गाठ केवढी पडली, पाह्य ना बापा. जोरानं हान."

पुन्हा सगळे हसले. हसणाऱ्या चार पुरुषांसमोर नवऱ्याला जपणारी बायको म्हणून उभं राहायची तिला लाज वाटली. तिसरी लाथ तिनं मारली. टाचेखाली काहीतरी सरकलं, नांगरटीतलं ढेकूळ पायाखाली फुटावं तसं. देवमननं आवाज काढला नाही. तिनं अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा जमिनीला टेकून होता. तिनं पाहिलं, आणखी पाहिलं. मोतीराम म्हणत होता, आता निजू दे त्याले, सकाळपर्यंत उठून बसते.

सकाळी देवमननं विचारलं, की माहे पाय कोणी नेले.

अमरावतीच्या दवाखान्यात त्या वेळी पुण्याकडचे एक तरुण डॉक्टर होते, गद्रे नावाचे. गोरे, बारीक, प्रत्येक वाक्याच्या आधी "असं बघा" म्हणणारे. देवमनच्या पायांना त्यांनी टाचणी टोचली, तळव्यावर किल्ली ओढली. मग वळून जाईबाईला म्हणाले, "असं बघा बाई, नीट आठवून सांगा. पडल्यानंतर पाय थोडेसुद्धा हलत होते का? हलत होते आणि मग थांबले, असं झालं का?"

तिच्या पाठीशी मोतीराम आणि ते चौघे उभे होते. खाटेवर देवमन डोळे उघडे ठेवून वर पाहत होता.

"नाई साहेब," जाईबाई म्हणाली. "पडल्यापासूनच नाई."

मोतीरामनंही मान हलवली. त्याला काय, त्यानं पाय पाहिलेच नव्हते. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं आणि टोपण लावता लावता म्हणाले, की तसं असेल तर मग काही करण्यासारखं नाही. हलत असते आणि मागून थांबले असते, तर आजच्या आज नागपूरला पाठवलं असतं. तिथे पाठ उघडून बघतात, कधी कधी वाचतं थोडं. जाईबाईचं तोंड उघडलं. पण डॉक्टर पुढच्या खाटेपाशी गेले होते, आणि उघडलेलं तोंड तिनं पदरानं झाकलं.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत ते डॉक्टर तिच्याशी बरंच बोलले. त्यांना या विषयाची आवड होती. परदेशातून मासिकं मागवायचे. ते सांगायचे, की मणक्यांच्या आत मज्जारज्जू असतो, तो चेपला की जुळत नाही. वॉर्डबॉय जाईबाईला समजावून सांगायचा, पाठीतली तार तुटली म्हनते साहेब. आणि डॉक्टर म्हणायचे, की आजवर असे रोगी वर्षभरात जायचेच. पण महायुद्धात पाठी मोडलेल्या शिपायांवर विलायतेत मोठं संशोधन झालं, आणि असं दिसून आलं की हे लोक मज्जारज्जूमुळे मरत नाहीत. एका कुशीवर पडून पडून मांस सडतं, त्यानं मरतात. लघवी तुंबते, त्यानं मरतात. औषध नाही काही. दर दोन तासांनी कूस बदलायची. दिवसा आणि रात्री. कातडीवर लाल डाग दिसला आणि बोटानं दाबून तो फिका झाला नाही, तर उद्या तिथे भोक पडणार समजा.

"किती दिवस बदलाची साहेब?" जाईबाईनं विचारलं.

"असं बघा, दिवस नाही," डॉक्टर म्हणाले. "तो आहे तोवर."

घरी घड्याळ नव्हतं. पण बडनेऱ्यात घड्याळ लागत कशाला? नागपूरकडची पॅसिंजर आली की डावी कूस. अमरावतीची गाडी सुटली की उताणा. मेल धडधडत गेली की उजवी. मालगाडी धरायची नाही, ती बिनभरवशाची. खोक्यांच्या फळ्या जोडून मोतीरामनं सपाट तखत करून दिलं. जिनातून उडालेली रुई गोळा करून जाईबाईनं गाद्या भरल्या: घोट्यांच्या मध्ये एक, गुडघ्यांच्या मध्ये एक, कंबरेखाली एक. जिनात तिला कापसातला कचरा वेचायचं काम मिळालं, भिंतीपलीकडेच. गाडीचा आवाज आला की ती हातातला कापूस टाकून घरी पळायची आणि वेचणाऱ्या बाया एका सुरात म्हणायच्या, गेली वं, जाईची गाडी सुटली. एका पावसाळ्यात पूल खचून मेल तीन तास उशिरा आली आणि देवमनच्या कंबरेवर रुपयाएवढी जखम झाली. ती भरायला पाच महिने लागले. त्यानंतर ती गाड्यांवरही विसंबेना. गाडी आली नाही तरी मनातल्या मनात ती आणायला शिकली.

पाहायला येणारे यायचे. शेजारची माणिकबाई रोज यायची, दारात उभी राहून नाकातून म्हणायची, बाई बाई, काय पुण्याची तू, दुसरी असती तर माहेरी गेली असती. जाईबाई तोंड फिरवायची. लोकांनी तिला देव्हाऱ्यात बसवायचं बाकी ठेवलं होतं, आणि देव्हारा तर वस्तीनं नदीला दिला होता. स्तुती झाली की तिला टाचेखालचं ते सरकणं आठवायचं. रोज सहा-सात जण तरी स्तुती करायचे.

लाथ मारायचं तिनं त्या दिवसापासून सोडलं. कोणी आलं की सांगायची, डॉक्टरनं मना केलं. हमालांना पटलं नाही, पण घरातलं तखत पाहून ते गप्प बसायचे. पाटील एकदा पहाटे येऊन तसेच परत गेले. नंतर त्यांनी गावात सांगितलं म्हणे, की देव सोडले, मग पायात शक्ती राहीन कशी.

देवमनचे हात मात्र हमालाचेच राहिले. पडल्यापडल्या तो दोर वळायचा, चऱ्हाटं करायचा, आणि येईल त्याची नक्कल करायचा. माणिकबाई बाहेर पडली की तिचं नाक, मोतीराम गेला की त्याचा खाकरा. डॉक्टरांचं "असं बघा" तर त्यानं असं उचललं होतं, की कूस बदलताना तो ते म्हणायचा आणि जाईबाईला हसावंच लागायचं. "असं बघा बाई, हा पाय तुमचा का आमचा? नाही, कोणाचा असल तर घेऊन जा." अशी सात वर्षं गेली. कोणी एवढं जगत नाही, असं अमरावतीला गेलं की प्रत्येक नवा डॉक्टर म्हणायचा. गद्रे डॉक्टरांची तोवर बदली झाली होती. त्यांना गाठून एकदा विचारावं, की लाथेनं झालं का आधीच झालं होतं, का रात्री सूज येऊन आपोआप झालं असतं, असं तिच्या मनात पुष्कळदा आलं. पण विचारायचं तर आधी सांगावं लागणार होतं. आणि आपण तेव्हा सांगितलं असतं तर नागपूरला पाठवला असता, हे तर विचारायचीही गरज नव्हती.

पासष्ट सालचा हंगाम. कापसाच्या बैलबंड्यांची रांग जिनाच्या फाटकापासून वस्तीच्या तोंडापर्यंत लागली होती. सकाळी दहाच्या सुमारास इंजिनानं शिट्टी दिली, एका बंडीचे बैल बुजले, आणि वर कापसावर निजलेला गडी खाली दगडावर पाठीवर पडला. तो खुशालराव पाटलांचा मधला मुलगा. वीस-बावीस वर्षांचा.

त्याला उचलून आणलं ते थेट जाईबाईच्या दारात. बंडीवाले, हमाल, मोतीराम, सगळी गर्दी. पाटील स्वतः मागल्या बंडीवर होते, ते धावत आले. या वेळी भिंतीच्या मागे नाही. समोरून, उजेडात, अंगणात. पोराला अंगणात ठेवला. पाटील कण्हायचे त्याच सुरात बोलले, पण आवाज फाटला होता.

"जाईबाई, मार. एक डाव मार."

जन्मात त्यांनी तिला बाई म्हटलेलं नव्हतं. तिनं सांगितलं, की मी सोडलं, याले अमरावतीले न्या, सरळ न्या, दुमडू नका. गर्दीला ते पटेना. कोणी म्हणालं, भाव खाते. कोणी म्हणालं, पाटलावर राग काढून राहिली, पोराचा काय दोष. पाटलांनी डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. दोघा गड्यांनी पोराच्या कंबरेखाली हात घातले, पालथा करायला. जाईबाई पायांशी उभी होती. पोराच्या जोड्यातून निघालेला पाय तिच्यासमोर होता आणि त्याची बोटं हलत होती.

घराचं दार उघडं होतं. दाराच्या आत, चार हातांवर, देवमन उजव्या कुशीवर होता, तोंड अंगणाकडे. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"हात काढा त्याच्या खालून," ती म्हणाली. "पाय हालून राहिले त्याचे, पाहा. माह्या मानसाचाबी अंगठा असाच हालत होता. मी लाथ हानली, आन थांबला. डॉक्टरनं पुसलं तं मी खोटं सांगतलं."

गड्यांचे हात निघाले. मग मोतीराम खाकरला आणि म्हणाला, की आपन तं जोरानं मार असं काही म्हनलो नोतो बाप्पा. त्याला कोणी विचारलंही नव्हतं.

तिनं घराचं दार बिजागऱ्यांतून उचलून काढलं. दाराची फळी अंगणात आडवी टाकली आणि सहा जणांना हात कुठे धरायचे ते दाखवलं: डोकं, खांदे, कंबर, मांड्या, सगळं एकदम, ओंडका सरकवावा तसं. फळी एका रिकाम्या बंडीवर चढली, बंडी रस्त्याला लागली. पाटील मागे पायी गेले. पोराला अमरावतीहून नागपूरला पाठवलं. पाच महिन्यांनी तो काठी घेऊन चालू लागला. पाटलांनी गावात सांगितलं, की माझ्या पोराले काही झालंच नोतं, बरं झालं त्या बाईचा पाय लागला नाही. तिनं सोताच्या नवऱ्याची पाठ मोडली. दार परत आलं नाही. उघड्या चौकटीला ती बारदान लावून राहिली.

पण ते मागून. त्या दिवशी गर्दी गेल्यावर ती आत आली. देवमन तसाच होता.

"कोनता अंगठा?" त्यानं विचारलं.

"डावा."

थोड्या वेळानं नागपूरकडची पॅसिंजर आली. ती त्याच्या कमरेखाली हात घालायला वाकली तशी त्यानं तखताची कड दोन्ही हातांनी धरली. "हात लावू नको," तो म्हणाला. हमालाचे हात, ते धरलेले सुटत नाहीत. ती बाजूला झाली. अमरावतीची गाडी सुटली, तेव्हाही तेच. माणिकबाई येऊन दाराच्या मोकळ्या चौकटीत उभी राहिली आणि तशीच परत गेली, पण आज देवमननं तिचं नाक केलं नाही. जाईबाईनं भाकर समोर ठेवली. त्यानं ती हातानं लांब सारली आणि पुन्हा कड धरली. मेल गेली.

दिवस कलला तेव्हा तिनं त्याच्या कमरेवरचं पांघरूण वर केलं. उजव्या खुब्याच्या हाडावर लाल डाग उठला होता. तिनं बोटानं दाबला. बोट काढलं. डाग लालच होता.

तिनं गुडघा तखतावर टेकला आणि त्याच्या कंबरेला मिठी घातली. त्यानं डावा हात सोडून तिच्या कानशिलात मारली. जाईबाई हलली नाही. गेली सात वर्षं ती ज्या हातांनी त्याला उचलत होती त्याच हातांनी तिनं मिठी घट्ट केली.

"मारा," ती म्हणाली. "पन त्या कुशीवर होऊन मारा."

त्यानं दोन्ही हात सोडून मारलं. कडेवरचे पंजे सुटले तेवढ्यात तिनं त्याला वळवला, घोट्यांच्या मधली गादी सारखी केली, गुडघ्यांच्या मधली केली, आणि लाल डागावरून तेलाचा हात फिरवायला लागली.

मारायला हात सोडावा लागतो, हे त्यालाही पहिल्याच खेपेला कळलं होतं. तरी पुढच्या गाडीला त्यानं मारलं, आणि त्याच्या पुढच्यालाही. तो आणखी चार वर्षं जगला, लघवीच्या तापानं गेला. शेवटी शेवटी अमरावतीचे डॉक्टर नव्या डॉक्टरांना बोलावून त्याची पाठ दाखवायचे, की हे बघा, अकरा वर्षं, आणि एक उघडी जखम नाही.